नजरेचा बाण सकाळी बरोबर, दुपारी भरकटलेला: पुन्हा कॅलिब्रेशन करण्याआधी काय तपासायचं

नजरेवर चालणाऱ्या संगणकाचं सकाळी कॅलिब्रेशन केलं, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघून त्याला नजर ओळखायला शिकवलं, तेव्हा पडद्यावरचा बाण जिथे बघावं तिथे बसत होता. जेवणं होईपर्यंत तोच बाण एक ओळ खाली घसरतो. 'पाणी'वर नजर ठेवली की 'पंखा' दाबला जातो. घरचे पुन्हा कॅलिब्रेशन करतात, थोडा वेळ बरं चालतं, मग परत तेच. असा संगणक ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडून ही तक्रार सारखी येते, आणि उन्हाळ्यात जास्तच. अमळनेर तालुक्यातल्या एका मावशींनी ती सगळ्यात नेमकी सांगितली: "डोया आठे देखतस, आनि टिपका तठे जास." म्हणजे डोळे इथे बघतात आणि ठिपका तिकडे जातो. त्यांचे यजमान मोटर न्यूरॉनच्या आजाराने अंथरुणाला खिळलेत. हात गेले, बोलणं गेलं, डोळे मात्र शाबूत आहेत. या आजारात डोळे फिरवणारे स्नायू बहुतेकांच्या बाबतीत बराच काळ टिकून राहतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप. बाण चुकला की त्या माणसाचा शब्द चुकतो, आणि चुकलेला शब्द तोंडाने दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. बाण भरकटला की लगेच कॅलिब्रेशनचं बटण दाबू नका. तो कोणत्या दिशेला भरकटतोय ते आधी बघा. दिशा कळली की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. दिशा न बघता केलेलं कॅलिब्रेशन बिघडलेली मांडणी पक्की करून ठेवतं. मग कुणीतरी उशी सरळ करतं आणि बाण उलट्या बाजूला चुकायला लागतो.

यंत्र नजर कशी ओळखतं

इथे दोन प्रकार आहेत आणि दोघांची दुखणी वेगळी आहेत.

पहिला प्रकार म्हणजे पडद्याखाली चिकटवायची इन्फ्रारेड पट्टी. ती डोळ्यावर न दिसणारा प्रकाश टाकते, साधारण ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर त्या प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, चमक मात्र तितकी सरकत नाही. बाहुलीचा मध्य आणि ती चमक यांच्यातल्या अंतरावरून पट्टी नजरेचा अंदाज बांधते.

दुसरा प्रकार लॅपटॉपच्या साध्या वेबकॅमचा. त्यात इन्फ्रारेड नाही, चमक नाही. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत साध्या उजेडात बाहुली वेगळी दिसतच नाही, सगळं काळं एकसारखं दिसतं. त्यामुळे वेबकॅमवर चालणारं सॉफ्टवेअर काळ्या-पांढऱ्याची कड, पापण्यांची रेषा आणि चेहऱ्याचा कल यांवर भागवतं. इन्फ्रारेडमध्ये गडद डोळाही उजळ दिसतो आणि बाहुली स्पष्ट उठून येते. पट्टी महाग का आणि वेबकॅम फुकट का, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

कॅलिब्रेशन दोन्हींना लागतं. डोळ्याची भूमितीय रेषा आणि माणसाची खरी नजर यांत साधारण ५ अंशांचा फरक असतो, आणि तो प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. ६० सेंटिमीटरवर बसलं तर १ अंश म्हणजे पडद्यावर साधारण १ सेंटिमीटर. म्हणजे हा फरक धरला नाही तर बाण ५ सेंटिमीटर लांब पडेल. कॅलिब्रेशनमध्ये तुमच्या डोळ्याचा फरक यंत्र शिकतं. पण ते शिकतं त्या वेळच्या बसण्याला, त्या वेळच्या उजेडाला आणि त्या वेळच्या पडद्याला धरून. यातलं काहीही हललं की शिकलेलं जुनं होतं.

टिकल्यांची चाचणी

घरात टिकल्यांचं पाकीट असतंच. पडद्यावर नऊ टिकल्या चिकटवा: चार कोपऱ्यांत चार, चार कडांच्या मधोमध चार आणि एक मध्यावर. कागदावर तशाच नऊ खुणा करा. आता ज्यांना संगणक चालवायचाय त्यांना एकेका टिकलीकडे दोन-तीन सेकंद बघायला सांगा, आणि बाण कुठे थांबतो ते बघून कागदावर खुणेपासून तिथपर्यंत पेन्सिलने रेघ ओढा. एक गोष्ट आधी समजावून सांगा: बाण चुकला तरी नजर टिकलीवरच ठेवायची. माणूस नकळत बाणाकडे बघतो, बाण आणखी पुढे पळतो, डोळा त्याच्या मागे जातो, आणि मग कागदावर काहीच खरं उमटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बाण लपवायची सोय असेल आणि नोंद दुसऱ्या कशाने घेता येत असेल तर उत्तमच.

नऊ रेघा झाल्या की कागद वाचायचा.

सगळ्या रेघा एकाच बाजूला आणि साधारण सारख्याच लांबीच्या असतील, तर काहीतरी अख्खं सरकलंय. डोकं, लॅपटॉपचा पडदा किंवा पट्टी, या तिघांपैकी एक. वेबकॅमवर याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. बाण वर चढत असेल तर माणूस खुर्चीत किंवा पलंगावर खाली घसरलाय, किंवा हनुवटी छातीकडे झुकलीय. तीच टिकली बघायला डोळा आता जास्त वर वळवावा लागतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं, हा वरच बघतोय. बाण खाली उतरत असेल तर बहुधा पापण्या जड झाल्यात. आपण खाली बघतो तेव्हा वरची पापणी आपोआप उतरते, आणि सॉफ्टवेअरने तेच शिकलेलं असतं. दुपारी झोपेने पापणी उतरली तरी ते 'खाली बघतोय' असंच समजतं. पहिल्यात उशी नीट करायची, दुसऱ्यात माणसाला झोपू द्यायचं. जेवणानंतरच्या तासाभरात नजरेचं काम ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळ्याचे स्नायू शाबूत असले तरी दमतातच.

रेघा मध्याकडे ओढल्यासारख्या असतील तर माणूस पडद्यापासून लांब गेलाय. मध्यापासून बाहेर फाकल्या असतील तर जवळ आलाय. पलंगाच्या पायाशी फरशीवर चिकटपट्टीची खूण करा, टेबलाच्या पायालाही करा. टेबल रोज झाडू मारताना हलतंच.

वरच्या डाव्या कोपऱ्यात चूक जवळजवळ शून्य, आणि उजवीकडे-खाली जावं तशी वाढत जाणारी, असं चित्र असेल तर डोळ्याचा, उशीचा, उजेडाचा कशाचाच दोष नाही. विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ किंवा १५० टक्के झालेलं असतं, किंवा ब्राउझरचा झूम बदललेला असतो. संगणक पडदा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतो, म्हणून चूक तिथून वाढत जाते. १२५ टक्क्यांवर उजव्या कडेला बघितलं तरी बाण रुंदीच्या चार-पंचमांशापर्यंतच जाऊन थांबताना मी बघितलाय. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून घरातल्या कुणीतरी चांगल्या हेतूने ते बदललेलं असतं. स्केल आणि झूम दोन्ही १०० वर आणा, सॉफ्टवेअर बंद करून चालू करा. अक्षरं मोठी हवी असतील तर चौकटीच मोठ्या करा.

एकाच बाजूच्या रेघा बिघडल्या असतील आणि त्याच बाजूला खिडकी किंवा दार असेल, तर उजेड. आणि रेघा कोणत्याच दिशेच्या नसतील, बाण नुसता थरथरत असेल, तर पुढचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत.

उजेड

आपल्या खानदेशात एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५च्या वर जातो, त्यामुळे सकाळी दहापासून दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. कॅलिब्रेशन सकाळी सातला उघड्या खिडकीत झालेलं असतं आणि काम अंधाऱ्या खोलीत चालतं. अंधारात वेबकॅम प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडा ठेवून घेतो, त्यामुळे सेकंदाला ३० चित्रांऐवजी १५ किंवा त्याहून कमी मिळतात, आणि जी मिळतात ती दाणेदार असतात. बाण थरथरतो आणि उशिराही येतो. इन्फ्रारेड पट्टीला अंधाराचं वावडं नाही, पण अंधारात बाहुली मोठी होते, आणि ती मोठी होताना तिचा मध्यही किंचित सरकतो. त्यामुळे पट्टीवरही थोडी चूक येते.

उलट, कुणी मागचं दार उघडलं आणि उन्हाचा पट्टा थेट चेहऱ्यावर आला, तर पट्टी आंधळी होते. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि त्यात तिची ती बारीक चमक हरवते. जुन्या पिवळ्या दिव्यातही ते बरंच असतं. एलईडी आणि ट्यूबमध्ये फारच कमी, म्हणून तेच वापरा.

उपाय साधा आहे. उजेड माणसाच्या समोरून आणि दोन्ही गालांवर सारखा पडला पाहिजे. लॅपटॉपच्या मागे पांढरी भिंत असेल तर त्या भिंतीवर एलईडी दिवा टाका, परत येणारा उजेड मऊ असतो. पाठीमागे खिडकी नको, कारण वेबकॅम खिडकीला बघून स्वतःला आवरतो आणि चेहरा काळा पडतो. आणि ज्या उजेडात दिवसभर काम होणार, त्याच उजेडात कॅलिब्रेशन करा.

पंख्याकडेही बघा. दिवा छतावर आणि पंख्याची पाती त्याच्या खाली असतील तर पात्यांची सावली चेहऱ्यावरून सतत फिरते. आपल्याला ती सवयीने जाणवत नाही, वेबकॅमला प्रत्येक चित्रात ती वेगळी दिसते. अशा घरात दिवा बदलून भिंतीवर घेतला की थरथर थांबते. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये फ्लिकर, म्हणजे दिव्याच्या लुकलुकीची सोय, ६० हर्ट्झवर असेल तर ५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

कूलर आणि लॅपटॉप एका टेबलावर किंवा एकमेकांना टेकून नकोत. मोटरची कंपनं पडद्याच्या बिजागरीतून थेट कॅमेऱ्यापर्यंत जातात. खोलीत कूलर हवाच, फक्त त्याचा स्टँड वेगळा ठेवा.

वीज गेली की

भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. पडद्याचा उजेड कमी होतो, प्रोसेसर हळू होतो, आणि यूएसबीला जोडलेली पट्टी विंडोज मधूनच झोपवतं. वर खोलीतली ट्यूब बंद होऊन इन्व्हर्टरवरचा कोपऱ्यातला एकच दिवा उरतो. घरचे म्हणतात, वीज आल्यावरही बिघडलेलंच राहिलं. राहणारच, कारण मधल्या काळात कुणीतरी त्या एका दिव्यात पुन्हा कॅलिब्रेशन केलेलं असतं.

पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, बॅटरीवरचा ब्राइटनेस चार्जिंगवरच्या इतकाच ठेवा, आपोआप ब्राइटनेस बदलण्याची सोय बंद करा. सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशनची एकाहून जास्त प्रोफाइल ठेवता येत असतील तर 'वीज' आणि 'इन्व्हर्टर' अशी दोन करून ठेवा. पट्टी हबमधून जोडू नका, थेट लॅपटॉपला जोडा.

उकाड्याचाही भाग आहे. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर असेल तर खालची हवा कोंडते, तो तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तासाभराने बाण मागे-मागे यायला लागतो तो यामुळे. लाकडी पाटावर ठेवला तरी फरक पडतो.

वेबगेझर वापरत असाल तर

ब्राउझरमध्ये चालणारं वेबगेझर हे नजर ओळखणारं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात तयार झालं. ते फुकट आहे, साध्या वेबकॅमवर चालतं, म्हणून बरेच जण त्यापासून सुरुवात करतात. त्याची एक खासियत माहीत नसेल तर डोकं फिरायची वेळ येते. ते फक्त कॅलिब्रेशनच्या वेळी शिकत नाही, नंतरच्या प्रत्येक क्लिकवरूनही शिकतं. क्लिक जिथे झाली तिथेच माणूस बघत होता असं ते धरून चालतं. एकटा माणूस स्वतः माउस चालवत असेल तर हे धरणं बरोबर आहे. पण आपल्या घरांत काय होतं? आजोबा पलंगावर, चेहरा त्यांचा, आणि माउस नातवाच्या हातात. नातू खालच्या कोपऱ्यात क्लिक करतो, आजोबा त्या वेळी नातवाच्या तोंडाकडे बघत असतात. प्रत्येक क्लिकबरोबर चुकीचा धडा भरला जातो आणि दिवस सरेल तसं सगळं बिघडत जातं.

तेव्हा कॅलिब्रेशन संपताच क्लिकवरून शिकणं बंद करा. वेबगेझरमध्ये तशी सोय आहे, ज्याने पान बनवून दिलं त्याला सांगा. आधीचा साठा ब्राउझरमध्ये राहिलेला असू शकतो, तोही पुसा आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करा. त्यानंतर माउसला कुणी हात लावला तरी चालेल.

बिघाड वाटतो, पण मर्यादा आहे

चांगल्या इन्फ्रारेड पट्टीची चूक नीट मांडणीत अर्धा ते एक अंश असते, म्हणजे पडद्यावर अर्धा ते एक सेंटिमीटर. वेबकॅमची काही अंशांत असते. तीन-चार सेंटिमीटर गृहीत धरूनच चाला. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा जेमतेम ३४ सेंटिमीटर रुंद आणि १९ उंच. त्यावर अख्खा देवनागरी कीबोर्ड मांडला तर एक कळ तीन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. वेबकॅमवर असा कीबोर्ड चालणारच नाही, कितीही कॅलिब्रेशन केलं तरी. त्यासाठी लोक आठवडे घालवतात आणि शेवटी माणसालाच दोष देतात, 'ते नीट बघत नाहीत' म्हणून. हे ऐकून मला फार वाईट वाटतं.

इथे आपली वर्णमालाच कामाला येते. ती आधीच गटांत बांधलेली आहे. पहिल्या पडद्यावर फक्त आठ चौकटी ठेवा: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, य पासून ज्ञ पर्यंतची उरलेली अक्षरं, आणि मात्रा. त-वर्गाकडे बघितलं की दुसऱ्या पडद्यावर त, थ, द, ध, न. ज्यांनी शाळेत बाराखडी घोकलीय त्यांना हे शिकवावं लागत नाही. शेवटच्या गटात अक्षरं जास्त होतात, त्याला तिसरी पायरी द्या.

या आठ चौकटी चार रकाने आणि दोन ओळी अशा मांडा. प्रत्येक चौकट साधारण साडेआठ सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ उंच होते, म्हणजे मध्यावर बघितलं तर चार सेंटिमीटरची चूकही पचते. उंची जास्त ठेवायचं कारण असं की वेबकॅमची वर-खालची चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते, पापण्या मध्ये येतात म्हणून. रोजचे शब्द, म्हणजे पाणी, दुखतंय, कूस बदला, पंखा, यांचा वेगळा पडदा करा आणि 'पाणी' व 'पंखा' शेजारी ठेवू नका. एकमेकांच्या जागी चुकून गेले तर त्रास होईल असे शब्द समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा.

बघता बघता नको ते दाबलं जाणं हा वेगळा त्रास आहे. संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९०च्या सुमारास त्याला मिडास स्पर्श म्हटलं, हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या राजावरून. डोळा वाचताना एका जागी साधारण पाव सेकंद थांबतोच. थांबण्याची वेळ, म्हणजे नजर किती वेळ थांबली की चौकट दाबली जाते ती, अर्ध्या सेकंदावर ठेवली तर नवख्या माणसाकडून सगळंच दाबलं जातं. एक सेकंदापासून, दमलेल्या माणसासाठी दीड सेकंदापासून सुरू करा आणि हळूहळू कमी करा. डोळ्याला विसावा म्हणून एक जागा मोकळी हवी, जिथे बघितलं तर काहीही होत नाही. पडद्याबाहेर सॉफ्टवेअर काही करत नसेल तर तिथे बघायला शिकवलं तरी चालतं.

चष्मा, काजळ, तिरळेपणा

चष्म्याच्या काचेवर दिव्याची चमक दिसत असेल तर दिवा बाजूला घ्या किंवा चष्म्याची दांडी कानावर किंचित उचला. दोन नंबरांच्या काचेत माणूस खालच्या भागातून बघायला मान वर करतो आणि मांडणी बदलते. नुसत्या लॅपटॉपच्या अंतराचा साधा चष्मा करून घेणं सगळ्यात बरं. काजळाची गडद रेघ पट्टीला बाहुलीसारखी भासू शकते, ती पुसून बघा. दोन डोळे एका दिशेला बघत नसतील तर सॉफ्टवेअरमध्ये एकच डोळा निवडा, ज्याने माणूस प्रत्यक्ष बघतो तो. पिकलेला मोतीबिंदू असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

हे सगळं झाल्यावर मग कॅलिब्रेशन करा. माणूस नेहमीच्या स्थितीत, उशा नेहमीच्या, उजेड नेहमीचा, आणि पडद्याच्या मागे कुणीही उभं नको, कारण नजर माणसाच्या चेहऱ्याकडे जातेच. नंतर टिकल्यांची चाचणी पुन्हा घ्या आणि तो कागद तारीख टाकून जपून ठेवा.

तरीही अडलं आणि कुणाची मदत मागायची असेल तर 'चालत नाही' एवढंच लिहू नका. पट्टी की वेबकॅम, पडद्याचा आकार आणि स्केल, डोळ्यापासून पडद्याचं अंतर टेपने मोजून, खिडकी कोणत्या बाजूला, बिघाड किती वाजता सुरू होतो, वीज होती की इन्व्हर्टर, आणि नऊ रेघांच्या कागदाचा फोटो, एवढं पाठवा. फोटोत पडदा आणि उशी दिसू द्या, आजारी माणसाचा चेहरा मात्र त्यांना विचारल्याशिवाय पाठवू नका.